आजार आहे, कड्यांची ओढही आहे : परवडणारा आयुर्विमा कसा मिळवावा?

प्रश्न : माझे वय ३९ वर्षे आहे. पाच वर्षांपूर्वी मला टाइप २ मधुमेहाचे निदान झाले. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन लागत नाही आणि गेली दोन वर्षे साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे. मी बरीच वर्षे प्रस्तरारोहण करते आणि या वर्षी पॅराग्लायडिंगचे प्रशिक्षणही सुरू केले आहे. घरात माझी मिळकत पतीच्या मिळकतीपेक्षा जास्त आहे, दोन मुले शाळेत आहेत आणि घराचे कर्ज अजून १५ वर्षे फेडायचे आहे. गेल्या वर्षी एका कंपनीकडे विम्यासाठी अर्ज केला होता, पण माझे औषध नुकतेच बदललेले असल्यामुळे त्यांनी निर्णय सहा महिने पुढे ढकलला. आता दुसरा एजंट सांगतो की, मधुमेह रक्ततपासणीत दिसणारच, तो लिहा. मात्र कडे चढण्याचे आणि उडण्याचे कोणी तपासत नाही, ते लिहू नका, हप्ता निम्म्यावर येईल. त्याचे ऐकावे का? आणि ऐकले नाही तर परवडेल असा विमा मला मिळेल का?

उत्तर : एजंटचे ऐकू नका. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, तुम्ही पत्रात दिलेल्या माहितीवरून, बहुधा ‘हो’ असे आहे. मात्र तो विमा सर्वांत कमी हप्ता सांगणाऱ्या कंपनीकडून मिळेलच असे नाही, आणि तो मिळवण्यासाठी तुम्हाला अर्जाआधी थोडी कागदपत्रांची मेहनत करावी लागेल.

लपवण्याचा मुद्दा आधी नीट निकालात काढू, कारण त्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. विम्याचा करार परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असतो, हे तत्त्व इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली एका खटल्याच्या निकालात स्पष्टपणे मांडले आणि त्याचे पडसाद आजही अनेक देशांच्या विमा कायद्यांत दिसतात. अर्जात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जाणूनबुजून चुकीचे दिले, तर कंपनीला दावा नाकारण्याचा किंवा पॉलिसीच रद्द करण्याचा अधिकार मिळू शकतो. किती काळापर्यंत हा अधिकार वापरता येतो, ते देशागणिक बदलते. अमेरिकेत ही मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. भारतात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार ती तीन वर्षांची आहे. ब्रिटनमधील २०१२ च्या कायद्याने निष्काळजीपणाने दिलेली चुकीची माहिती आणि हेतुपुरस्सर दिलेली चुकीची माहिती यांत फरक केला असून, दुसऱ्या प्रकारात विमा कंपनी करार मोडू शकते. ‘मुदत उलटेपर्यंत काही झाले नाही म्हणजे सुटलो’ असा हिशेब काही जण करतात. पण नवशिक्या पॅराग्लायडरसाठी ही पहिली दोन-तीन वर्षेच सर्वांत जोखमीची असतात. शिवाय तुमचा छंद गुप्त नाही. क्लबची नोंदवही, प्रशिक्षण संस्थेची पावती, मोहिमांची छायाचित्रे आणि अपघात झाल्यास होणारा पंचनामा, हे सगळे दाव्याच्या चौकशीत कंपनीसमोर येते. एजंटला त्याचे कमिशन पॉलिसी निघते तेव्हा मिळते. त्या चौकशीला तोंड मात्र तुमच्या पतीला द्यावे लागेल, आणि तेही आयुष्यातल्या सर्वांत वाईट आठवड्यात.

आणखी एक गोष्ट एजंटने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. छंदामुळे येणाऱ्या मृत्यूचे संरक्षण नको असेल आणि त्या बदल्यात हप्ता कमी हवा असेल, तर अनेक कंपन्या तो सौदा उघडपणे करतात. त्याला एक्सक्लुजन म्हणतात. पॉलिसीत स्पष्ट लिहिले जाते की अमुक क्रीडाप्रकारामुळे मृत्यू आल्यास रक्कम मिळणार नाही. बाकी सर्व कारणांनी आल्यास पूर्ण मिळेल. म्हणजे एजंट जो हप्ता माहिती दडवून मिळवून देऊ पाहतो, तो तुम्हाला प्रामाणिकपणेही मिळू शकतो, आणि मधुमेह, हृदयविकार, कर्करोग किंवा रस्त्यावरचा अपघात यांचे संरक्षण अबाधित राहते. माहिती दडवल्यास मात्र हे सगळेच संरक्षण डळमळीत होते, कारण अनेक ठिकाणी दडवलेल्या गोष्टीचा मृत्यूशी संबंध नसला तरी करार मोडता येतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो आणि तो ग्राहकाला न सांगणाऱ्या एजंटकडून विमा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कंपनी तुमच्याकडे कशी पाहते ते समजून घ्या, म्हणजे हप्ता कुठे कमी करता येतो ते आपोआप दिसू लागेल. अठराव्या शतकात लंडनमधील गणितज्ञ जेम्स डॉडसन यांना वय ४५ च्या पुढे गेल्यामुळे तिथल्या एका विमा संस्थेने सभासद करून घेतले नाही. नकार देण्यापेक्षा वयाच्या जोखमीनुसार हप्ता आकारावा, या विचाराने त्यांनी मृत्युकोष्टकांवरून, म्हणजे कोणत्या वयात किती माणसे दगावतात याच्या तक्त्यांवरून, गणित मांडले. त्यांच्या मृत्यूनंतर, १७६२ साली, त्याच पायावर इक्विटेबल ही संस्था उभी राहिली. आजाराची जोखीम आकड्यांत बसवण्याची रीत त्यानंतर बऱ्याच काळाने आली. न्यूयॉर्क लाइफ या कंपनीतील डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि गणिती आर्थर हंटर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुणांकनाची पद्धत रूढ केली. त्यात सर्वसाधारण निरोगी व्यक्तीची जोखीम १०० धरली जाते; प्रतिकूल बाबींसाठी गुण वाढतात, अनुकूल बाबींसाठी वजा होतात, आणि बेरीज १५० आली तर त्या व्यक्तीची मृत्यूची जोखीम सरासरीच्या दीडपट समजून हप्ता ठरतो. आज हे काम संगणक करत असला, तरी पद्धत मुळात तीच आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की ‘मधुमेह आहे’ या दोन शब्दांना ठरावीक किंमत नसते. कोणता मधुमेह, कोणत्या वयात झाला, नियंत्रण किती, मूत्रपिंड आणि डोळे कसे आहेत, तंबाखू आहे का, रक्तदाब आणि वजन किती, यांतल्या प्रत्येक उत्तराने बेरीज वर किंवा खाली सरकते. माहिती अपुरी असेल तिथे अंडररायटर, म्हणजे जोखीम तपासणारा अधिकारी, सावधगिरीने वाईटच गृहीत धरतो. म्हणून अर्जातील प्रत्येक रिकामी जागा तुम्हाला महाग पडते.

मधुमेहासाठी पुढील कागद हाताशी ठेवा. गेल्या दोन-तीन वर्षांतील एचबीए१सी तपासणीचे सर्व अहवाल तारखांसह लावा. ही तपासणी मागच्या दोन ते तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते, त्यामुळे एकच चांगला अहवाल पाहून अंडररायटरचे समाधान होत नाही. सलग अहवालांतून दिसणारे स्थैर्य त्याला पटते. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन यांच्या तपासण्या, नेत्रतज्ज्ञाने पडद्याची तपासणी केल्याचा अहवाल, रक्तदाबाच्या घरी घेतलेल्या नोंदी आणि रक्तातील चरबीच्या तपासण्या जोडा. सर्वांत उपयोगी कागद म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचे एक पानी पत्र, ज्यात निदानाची तारीख, सध्याचे औषध, ते का बदलले, बदलल्यानंतर नियंत्रण कसे आहे, साखर एकाएकी फार खाली गेल्याचे प्रसंग घडले की नाही आणि तुम्ही नियमित तपासणीला येता की नाही, हे लिहिलेले असेल. गेल्या वर्षीचा निर्णय औषधबदलामुळे लांबला होता, तेव्हा त्या बदलाचे कारण आणि परिणाम या पत्रात असलेच पाहिजेत. औषध वाढवावे लागले म्हणून बदलले, की अधिक चांगले औषध उपलब्ध झाले म्हणून बदलले, यांत अंडररायटरच्या दृष्टीने बराच फरक आहे.

निर्णय पुढे ढकलला जाणे म्हणजे अर्ज नाकारला जाणे नव्हे, हेही लक्षात घ्या. नव्या अर्जात बहुधा ‘यापूर्वी आपला प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्याने स्वीकारला गेला आहे काय?’ असा प्रश्न असेल. तिथे ‘हो’ लिहा, तारीख लिहा, कारण लिहा आणि डॉक्टरांच्या पत्राचा हवाला द्या. कारण समजण्याजोगे असले आणि ते आता उरलेले नसले, तर हा जुना निर्णय फारसा आड येत नाही. न लिहिल्यास मात्र कंपनीला तो इतर मार्गांनी कळू शकतो, कारण काही देशांत विमा कंपन्या अशा नोंदींची आपसांत देवाणघेवाण करतात. अमेरिकेत यासाठी १९०२ पासून एक संयुक्त संस्था काम करते आहे.

छंदाचे गणित आजाराहून वेगळे आहे आणि माझ्या मते तुमच्या हप्त्यात सर्वाधिक फरक इथेच पडेल. आजाराचा जादा हप्ता सहसा टक्केवारीत लागतो, कारण आजाराची जोखीम वयाबरोबर वाढत जाते. दोर सुटण्याची किंवा वारा फिरण्याची जोखीम तिशीत आणि पन्नाशीत साधारण सारखीच असते. म्हणून छंदासाठी विमा रकमेच्या दर हजारामागे ठरावीक जादा रक्कम लावतात. एक कल्पित उदाहरण घ्या. समजा, तुमच्या वयाच्या निरोगी व्यक्तीला दर हजारी वार्षिक २ एकके हप्ता पडतो. मधुमेहासाठी ७५ टक्के वाढ झाली, तर तो ३.५ होईल. छंदासाठी दर हजारी २.५ लागले, तर एकूण ६ होईल. म्हणजे ज्या आजाराची तुम्हाला चिंता वाटते, त्याने दीड एककाची भर घातली आणि छंदाने अडीच एककांची. टर्म विम्याचा, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू आल्यासच रक्कम देणाऱ्या, बचत नसलेल्या विम्याचा मूळ हप्ता कमी वयात कमी असतो, त्यामुळे हजारी ठरलेली ही जादा रक्कम त्याच्या तुलनेत फार मोठी दिसते.

त्यामुळे छंदाची प्रश्नावली जितक्या काळजीने भराल, तितका फायदा आहे. फक्त ‘क्लायम्बिंग’ असे लिहिले तर अंडररायटरच्या डोळ्यांसमोर हिमशिखरे, हिमदऱ्या आणि दोराविना चढाई येऊ शकते. तुम्ही प्रत्यक्षात काय करता ते लिहा : बोल्ट ठोकलेल्या मार्गांवर चढता की स्वतः साधने बसवत चढता, लीड करता, म्हणजे दोर सोबत घेऊन पुढे चढता, की वरून दोर लावलेला असतो, कोणत्या श्रेणीपर्यंत चढता, जास्तीत जास्त किती उंचीवर जाता, बर्फावरील चढाई करता की नाही, एकट्याने जाता की अनुभवी जोडीदारासह, वर्षात साधारण किती दिवस, कोणते प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले, आजवर अपघात झाला का, आणि पुढील १२ महिन्यांत कोणत्या मोहिमेचा बेत आहे. ६,००० मीटरहून उंच शिखरांची मोहीम आणि शनिवार-रविवारची बोल्ट केलेल्या कड्यावरील चढाई यांच्या हप्त्यांत मोठे अंतर असते. कित्येक कंपन्या कृत्रिम भिंतीवरील चढाईसाठी आणि साध्या पदभ्रमणासाठी काहीच जादा आकारत नाहीत. जे तुम्ही करत नाही तेही लिहा. ‘दोराविना चढाई करत नाही, हिवाळी हिमारोहण करत नाही’ हे एक वाक्य पुष्कळ पैसे वाचवू शकते. अर्थात, ते खरे असले पाहिजे आणि निदान येत्या काही वर्षांपुरता तुमचा बेत तसाच असला पाहिजे.

पॅराग्लायडिंगची बाजू थोडी अवघड आहे, कारण तुम्ही अजून शिकत आहात. परवाना नसलेल्या, कमी तास उडालेल्या व्यक्तीकडे कंपन्या साशंकतेने पाहतात. परवाना, उड्डाणांची नोंदवही आणि स्पर्धा किंवा कसरती न करण्याची सवय दिसल्यावर त्यांची भूमिका बरीच मवाळ होऊ शकते. म्हणून माझा सल्ला असा की, आज प्रस्तरारोहणासाठी जादा हप्ता किती पडतो ते विचारा आणि पॅराग्लायडिंगपुरते एक्सक्लुजन घेण्याची तयारी दाखवा. परवाना मिळून पुरेशी उड्डाणे झाली की ते काढून टाकण्यासाठी अर्ज करता येईल का, हे कंपनीकडून आत्ताच लेखी मागून घ्या.

एक्सक्लुजन स्वीकारण्यापूर्वी त्यातील शब्द मात्र अक्षरशः वाचा, कारण तुमच्या बाबतीत त्यात एक खरा धोका दडलेला असू शकतो. काही पॉलिसींत ‘या क्रीडाप्रकारामुळे झालेला मृत्यू’ वगळलेला असतो, तर काहींत ‘या क्रीडाप्रकारात भाग घेत असताना झालेला मृत्यू’. दुसऱ्या शब्दरचनेत, कड्यावर असताना हृदयविकाराचा झटका आला किंवा साखर अचानक खाली जाऊन शुद्ध हरपली, तरी दावा नाकारला जाऊ शकतो. मधुमेह असलेल्या गिर्यारोहकाने पहिलीच शब्दरचना मागावी. ‘सर्व साहसी खेळ’ असा सरधोपट उल्लेख असेल तर तोही मान्य करू नका. कड्याच्या पायथ्यापर्यंतची चाल, पदभ्रमण, कृत्रिम भिंतीवरील सराव, प्रवासात एखाद्या वेळी प्रशिक्षकासह केलेले उड्डाण, यांतले काय वगळले आहे आणि काय नाही, ते नावानिशी लिहून घ्या.

याहून पुढे जाऊन एक व्यवस्था करता येते, जी फार कमी जण विचारात घेतात. संपूर्ण रक्कम एकाच पॉलिसीत न घेता दोन पॉलिसींत विभागा. वरच्याच कल्पित आकड्यांनी पाहू. समजा, तुम्हाला १,००० हजारांचे संरक्षण हवे आहे. सगळे छंदासकट घेतल्यास वार्षिक हप्ता ६,००० एकके होईल. त्याऐवजी ७०० हजारांची पॉलिसी छंद वगळून घेतली तर तिचे २,४५० आणि ३०० हजारांची पॉलिसी छंदासकट घेतली तर तिचे १,८०० एकके, असे मिळून ४,२५० होतील. छंदात मृत्यू आल्यास ३०० हजार मिळतील, इतर कोणत्याही कारणाने आल्यास पूर्ण १,००० हजार. छोट्या पॉलिसीची रक्कम अशी ठरवा की तिच्यातून निदान घराचे कर्ज फिटेल आणि पतीला सावरायला अवधी मिळेल. दोन्ही अर्जांत एकूण विमा किती घेत आहात ते सांगावे लागेल, आणि मोठ्या रकमेवर मिळणारी सूट थोडी कमी होईल. ती धरूनही हिशेब बहुधा तुमच्या बाजूने राहतो.

आता कुठे अर्ज करावा याविषयी. एकाच वेळी पाच-सहा कंपन्यांकडे रीतसर अर्ज करू नका, कारण त्यांतील एखादा नाकारला गेला तर तो पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो. आधी अनौपचारिक विचारणा करा. अनेक कंपन्यांचे काम करणारा ब्रोकर तुमचे नाव न देता वय, आजाराचे अहवाल आणि छंदाचे वर्णन तीन-चार अंडररायटरांकडे पाठवून, साधारण काय निर्णय होईल ते विचारू शकतो. असे विचारायला जो तयार होत नाही आणि पहिल्याच भेटीत सही मागतो, तो तुमच्या कामाचा नाही. उत्तरांत फरक पडेल याची खात्री बाळगा. प्रत्येक कंपनीची अंतर्गत नियमावली वेगळी असते; मोठ्या रकमांची जोखीम म्युनिक री किंवा स्विस री यांसारख्या पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे, सोपवली जाते आणि कोणाची नियमावली वापरली जाते यावरही निर्णय ठरतो. एखादी कंपनी मधुमेहाबाबत उदार आणि उड्डाणाबाबत कठोर असते, तर दुसरी नेमकी उलट. दोन्हींना सामावून घेणारी कंपनी न सापडल्यास वर सांगितलेल्या दोन पॉलिसी दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेता येतात.

वैद्यकीय तपासणीची तयारीही प्रामाणिकपणेच करायची आहे, पण ती करायची आहे. आदल्या दिवशी कड्यावर जाऊ नका. जोरदार व्यायामानंतर लघवीत प्रथिने दिसू शकतात आणि स्नायूंमधून आलेल्या विकरांमुळे यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या वाटू शकतात. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या लघवीतील प्रथिने म्हणजे मूत्रपिंडाचा त्रास, असाच अर्थ घेतला जाईल. तपासणी सकाळी ठेवा, पाणी पुरेसे प्या, रात्री झोप घ्या, औषधे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. नियमित व्यायामामुळे नाडी मंद असेल किंवा ईसीजीत किरकोळ बदल दिसत असतील, तर पूर्वीचा ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचे मत सोबत द्या. तपासणीत रक्तदाब जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजण्याची विनंती करा. तंबाखूचा कोणताही प्रकार किंवा निकोटिनचे च्युइंगम असेल, तर कोटिनिनच्या (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याच्या) तपासणीत ते दिसते. मधुमेह आणि तंबाखू यांची जोड अंडररायटरला एकेकट्या गोष्टीपेक्षा कितीतरी जास्त खटकते. सोडून साधारण वर्ष झाले की बऱ्याच कंपन्या तंबाखू न घेणाऱ्यांचा दर देतात.

विम्याचा प्रकार निवडताना टर्म विमाच घ्या. बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीत तेवढ्याच हप्त्यात संरक्षण फार कमी मिळते, आणि तुमचा प्रश्न संरक्षणाचा आहे. मुदत मुलांच्या शिक्षणाच्या आणि कर्जाच्या मुदतीशी जुळवा. छंदासकट असलेली छोटी पॉलिसी १५ वर्षांची पुरेशी आहे. कर्ज कमी होत जाते तशी रक्कम कमी होणारी पॉलिसी घेतली तर ती आणखी स्वस्त पडते. सगळे करूनही हप्ता झेपत नसेल, तर विमा रक्कम कमी करा. टिकवता येईल असा लहान विमा, हप्ता न भरल्याने मध्येच लॅप्स होणाऱ्या, म्हणजे बंद पडणाऱ्या, मोठ्या विम्यापेक्षा चांगला, कारण लॅप्स झालेली पॉलिसी पुन्हा चालू करताना आरोग्याची सारी माहिती नव्याने द्यावी लागते.

नोकरीच्या ठिकाणी सामूहिक विमा असेल तर तो आधी तपासा. त्यात एका मर्यादेपर्यंत सहसा वैद्यकीय प्रश्न विचारत नाहीत आणि स्वतःच्या खर्चाने रक्कम वाढवण्याची सोय असल्यास ती तुमच्यासारखीला सर्वांत स्वस्त पडते. तो नोकरीबरोबर संपतो, म्हणून त्याच्यावर सगळा भार टाकू नका. ‘कोणतेही प्रश्न नाहीत, सर्वांना विमा’ अशा पॉलिसींत रक्कम लहान असते, दर जास्त असतात आणि पहिली दोन-तीन वर्षे आजाराने मृत्यू आल्यास बहुधा केवळ भरलेले हप्तेच परत मिळतात. तुमची परिस्थिती तिथवर आलेली नाही. अपघात विमा आणि अपघाती मृत्यूचा रायडर (मूळ पॉलिसीला जोडून घेतलेले जादा संरक्षण) हे स्वस्त दिसतात, पण त्यांत साहसी खेळ बहुतेक वेळा वगळलेले असतात, आणि आजार तर त्यांच्या कक्षेतच येत नाही. मात्र कड्यावरून किंवा हवेतून पडणारा माणूस मरण्यापेक्षा जखमी होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून दीर्घकाळ काम न करता आल्यास मिळकत देणारा विमा आणि सुटकेचा खर्च देणारे क्लबचे किंवा महासंघाचे संरक्षण यांचीही वेगळी चौकशी करा. तुमच्या घरात मिळकतीचा मोठा वाटा तुमचा आहे, त्यामुळे हा मुद्दा मृत्यूइतकाच गंभीर आहे.

पॉलिसी निघाल्यावर अर्जाची पूर्ण प्रत, छंदाची प्रश्नावली आणि डॉक्टरांचे पत्र एका जागी ठेवा आणि पतीला दाखवा. एजंटने अर्ज स्वतः भरला असेल, तर सही करण्याआधी प्रत्येक उत्तर वाचा; सही तुमची असल्याने चुकीची जबाबदारीही तुमचीच धरली जाते. टर्म विम्यात एकदा ठरलेला हप्ता नंतर आजार बळावला म्हणून सहसा वाढत नाही, पण नवा छंद कळवण्याची अट करारात आहे का ते पाहा. उलट परिस्थिती सुधारली, म्हणजे वर्ष-दोन वर्षे साखर अधिक चांगली राहिली, वजन उतरले किंवा अवघड चढाया तुम्ही सोडल्या, तर जादा हप्त्याचा फेरविचार करण्याची विनंती करता येते. ती मान्य झाली नाही तर दुसरीकडे नवा अर्ज करा, आणि नवी पॉलिसी हाती येईपर्यंत जुनी बंद करू नका.

राहता राहिला मधला काळ. विचारणा, तपासण्या आणि निर्णय यांत काही आठवडे जातील. कंपनीने प्रस्ताव स्वीकारून पहिला हप्ता जमा होईपर्यंत तुम्हाला सहसा कोणतेही संरक्षण नसते. अर्जाबरोबर हप्ता भरल्यास काही कंपन्या तात्पुरते संरक्षण देतात, मात्र त्यात साहसी खेळ बहुधा येत नाहीत. ते येतात की नाही हे लेखी विचारा आणि येत नसतील, तर तेवढे आठवडे उड्डाणाचे प्रशिक्षण थांबवा.